१९३६ : बारा तक्त्यांच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

काम नक्की झालं. वाचनालयातल्या लांब भिंतीवर बारा तक्ते, महिन्याला एक, आणि बाराही तक्त्यांवर भारतीय साहित्याचं एकच वर्ष : १९३६. सोबत छोटी पुस्तिका. मजकूर मराठीत, वर्ष मात्र सगळ्या देशाचं.

ग्रंथपालांनी रास्त प्रश्न विचारला : १९३६च का? टागोरांना नोबेल मिळालं ते १९१३ लोकांना लगेच कळेल. खरं आहे, पण १९१३ सांगायला गेलं की आपण एका कवीभोवतीच फिरत राहतो. १९३६ मध्ये लखनौ, मुंबई, लाहोर, नागपूर, बनारस इथली माणसं, एकमेकांचं फारसं वाचलेलं नसतानाही, एकाच प्रश्नाला भिडली होती : लिहायचं ते कुणासाठी आणि कुणाच्या बाजूनं? हा प्रश्न भिंतीवर दिसायला हवा. कामाच्या कागदावर सर्वांत वर मी एवढंच लिहून ठेवलंय.

११ जानेवारी

कच्ची यादी लिहायला बसले आणि वर्षाची श्रीमंती बघून हरखून गेले. हिंदीत प्रेमचंदांचं ‘गोदान’. छायावाद या हिंदीतल्या भावकाव्याच्या प्रवाहाचे चौघेही प्रमुख कवी याच वर्षी हजर : प्रसादांची ‘कामायनी’, निरालांची ‘गीतिका’, पंतांचं ‘युगांत’, महादेवी वर्मांचं ‘सांध्यगीत’. बंगालीत माणिक बंद्योपाध्याय यांच्या ‘पद्मा नदीर माझी’ आणि ‘पुतुल नाचेर इतिकथा’ या दोन्ही कादंबऱ्या पुस्तकरूपात आल्या. जीवनानंद दासांचं ‘धूसर पांडुलिपि’ही याच वर्षी. कन्नडमध्ये कुवेंपूंची ‘कानूरु हेग्गडिति’. उर्दूत इक्बालांचं ‘ज़र्ब-ए-कलीम’. इंग्रजीत मुल्कराज आनंदांची ‘कुली’ आणि नेहरूंचं आत्मचरित्र. मल्याळममध्ये चंगम्पुळांचं ‘रमणन’.

‘रमणन’बद्दल आमच्या गटातल्या मल्याळी सहकाऱ्यानं जे सांगितलं ते तसंच नोंदवते. चंगम्पुळांचे कवी-मित्र इडप्पल्ली राघवन पिळ्ळै यांनी जुलैमध्ये आत्महत्या केली. त्या शोकातून हे काव्य आलं. गुराख्यांच्या प्रेमकथेच्या रूपातलं, गाता येणारं, पुढे केरळात असंख्य लोकांच्या तोंडी बसलेलं. माझ्या कागदावरच्या प्रश्नात ते बसत नाही. तरीही जुलैच्या तक्त्यावर ते राहणार. वर्ष दाखवायचं म्हटल्यावर त्या वर्षातला निव्वळ शोकही दाखवायला हवा.

१९ जानेवारी

कालगणनेचा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. १९३६ हे इंग्रजी वर्ष. त्या काळच्या पुस्तकांवर मात्र ज्याचं त्याचं वर्ष छापलेलं. मराठी पुस्तकावर शके १८५८, ते सुरू होतं गुढीपाडव्याला. हिंदी पुस्तकावर विक्रम संवत १९९३. बंगाली पुस्तकावर १३४३. ते एप्रिलच्या मध्याला सुरू होऊन १९३७च्या एप्रिलपर्यंत चालतं, म्हणजे १३४३ छापलेलं पुस्तक १९३७च्या फेब्रुवारीतलंही असू शकतं. मल्याळी कोल्लम वर्ष तर ऑगस्टच्या मध्यावर बदलतं : अर्धं १९३६ हे ११११ आणि उरलेलं १११२.

नियम ठरवला. महिना पक्का असेल तर पुस्तक त्या महिन्याच्या तक्त्यावर. फक्त वर्ष पक्कं असेल तर तक्त्यांच्या खालून जी सलग पट्टी जाणार आहे तिच्यावर. सोयीसाठी कुणालाही कुठल्याही महिन्यात बसवायचं नाही. मांडणी करणाऱ्या मुलाला पट्टीची कल्पना आवडली. तिच्यामुळे बारा तक्ते आपोआप एकत्र बांधले जातात असं तो म्हणाला.

२ फेब्रुवारी

एप्रिल मावत नाही.

नुसत्या तारखा लिहिल्या तरी बघा. एप्रिलच्या ‘चाँद’ मासिकात प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथा हिंदीत आली. उर्दूत ती डिसेंबर १९३५ च्या ‘जामिया’ मासिकात येऊन गेली होती. ९ आणि १० एप्रिलला लखनौमध्ये प्रगतिशील लेखकांचं पहिलं अधिवेशन. त्याला लागूनच तिथेच काँग्रेसचं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. त्याच महिन्यात लंडनहून बॉडली हेड या प्रकाशनसंस्थेनं नेहरूंचं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं, ‘आता नसलेल्या’ कमलाला अर्पण केलेलं. त्यांच्या पत्नी कमला नेहरू २८ फेब्रुवारीला स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे वारल्या होत्या. २४ आणि २५ एप्रिलला नागपुरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषद. आणि या सगळ्याच्या आतून मुंबई आणि लाहोर यांच्यात डॉ. आंबेडकरांच्या एका भाषणावरून पत्रं जात-येत होती.

सगळे तक्ते एकाच मापाचे हवेत असा आग्रह होता. मी ठाम राहिले : एप्रिल दुप्पट रुंद करायचा. जे वर्ष मुळातच समतोल नव्हतं त्याला भिंतीवर समतोल कशाला करायचं? मान्य झालं. नोव्हेंबर अर्धा करून जागा काढू.

९ फेब्रुवारी

लखनौचा मजकूर लिहिला.

मागची कथा आधी. लंडनमधल्या सज्जाद ज़हीर, मुल्कराज आनंद वगैरे तरुणांनी १९३४-३५ मध्ये प्रगतिशील लेखक संघाचा जाहीरनामा तयार केला. प्रेमचंदांनी तो ऑक्टोबर १९३५ च्या आपल्या ‘हंस’ मासिकात हिंदीतून छापला. तोपर्यंत ‘अंगारे’ या उर्दू कथासंग्रहावर संयुक्त प्रांताच्या सरकारनं बंदी घालून दोन वर्षं होऊन गेली होती. त्या संग्रहातले लेखक, डॉक्टर असलेल्या रशीद जहाँसुद्धा, या नव्या संघाच्या उभारणीत होते. ‘अंगारे’मुळे ज्यांना शिव्याशाप मिळाले त्यांनी गप्प बसण्याऐवजी संघटना काढली, हे तक्त्यावर ठळक यायला हवं.

अध्यक्ष प्रेमचंद. लखनौच्या रिफा-ए-आम सभागृहातलं त्यांचं भाषण पुन्हा नीट वाचलं. त्यात ते संघाच्या नावावरच हरकत घेतात : लेखक स्वभावतःच प्रगतिशील असतो, तसा नसता तर तो लेखक झालाच नसता. ज्यांनी अध्यक्ष केलं त्यांच्याच नावाला त्यांच्याच व्यासपीठावरून हात घालायचा, हे धाडस मला फार मोठं वाटतं. मग तो प्रसिद्ध विचार : सौंदर्याची कसोटी बदलावी लागेल. हे वाक्य घोषणेसारखं इतकं वापरलं गेलंय की त्याच्या पुढचामागचा भाग कुणी बघत नाही. प्रेमचंद तिथे अगदी साधं काही सांगतात : रंगवलेल्या ओठांची स्त्री आपल्याला सुंदर दिसते, आणि शेताच्या बांधावर मुलाला निजवून घाम गाळणारी दिसत नाही, तर तो आपल्या नजरेच्या अरुंदपणाचा दोष आहे. तक्त्यावर हा भाग घेतला. घोषणा सुटी लावायची नाही.

१६ फेब्रुवारी

आजची बैठक तापली. विषय : डॉ. आंबेडकरांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ साहित्याच्या वर्षात घ्यायचं का?

विरोधातलं म्हणणं हलक्यानं घ्यावं असं नव्हतं. हिंदी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘ते समाजशास्त्र आहे, राजकारण आहे. त्याचं मोठेपण साहित्य म्हणण्यावर अवलंबून नाही. उद्या १९३६चे सगळेच जाहीरनामे घेणार का तुम्ही?’’

माझं म्हणणं इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण पुस्तिकेची प्रस्तावना यातूनच होणार आहे.

एक तर आपण प्रेमचंदांचं लखनौचं भाषण निःशंकपणे साहित्य म्हणून घेतो. तेही अध्यक्षीय भाषणच आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळ या हिंदू सुधारकांच्या संस्थेसाठी लिहिलेलं आंबेडकरांचं भाषणही अध्यक्षीयच, फक्त ते करू दिलं गेलं नाही. पाच आठवड्यांच्या अंतरातल्या या दोन भाषणांतलं एक साहित्याच्या इतिहासात आणि दुसरं ग्रंथालयाच्या वेगळ्याच कपाटात का? दुसरं, गद्य म्हणून ते वाचा. जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, हे वाक्य एकदा वाचलं की डोक्यातून जात नाही. समोरच्याचा प्रत्येक बचाव आधी पूर्ण ताकदीनं मांडायचा आणि मग तो मोडायचा, ही रचना किती लेखकांना साधते?

आणि तिसरं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं : त्या वर्षाची कथा-कादंबरी ज्या माणसांबद्दल बोलत होती त्यांच्यातला एक माणूस स्वतः बोलत होता. ‘कफन’मधले घीसू-माधव चांभार आहेत. ‘गोदान’मध्ये सिलियाच्या जातीचे लोक ब्राह्मण मातादीनच्या तोंडात हाड कोंबतात, त्यानं तिला ठेवली, पण तिच्या हातचं खायचा नाही, याचा तो हिशेब. ‘कुली’च्या आदल्याच वर्षी आनंदांनी ‘अनटचेबल’मध्ये भंगीकाम करणाऱ्या बखाचा एक दिवस लिहिला. या लेखकांचा आदर ठेवूनच म्हणते, आंबेडकरांशिवाय हे वर्ष म्हणजे दुसऱ्यांनी सांगितलेली गोष्ट होईल.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘दोन्ही भाषणं एकाच तक्त्यावर समोरासमोर लावा. मग मला मान्य आहे.’’ माझ्या मूळ योजनेत प्रेमचंदांचं एप्रिलमध्ये होतं, आंबेडकरांचं मेमध्ये. बाईंची सूचना जास्त चांगली आहे. दुप्पट एप्रिलचा उजवा भाग आता आंबेडकरांचा.

२० फेब्रुवारी

उजव्या भागासाठी तारखा लावल्या. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला आंबेडकरांनी मंडळाशी झालेला सगळा पत्रव्यवहार छापला आहे, त्यामुळे क्रम उघडच आहे.

लाहोरची परिषद आधी ईस्टरला व्हायची होती, मग मेवर ढकलली गेली. ९ एप्रिलला मंडळाचे हर भगवान मुंबईत येऊन आंबेडकरांना भेटले. तीच तारीख! तिकडे लखनौमध्ये प्रेमचंदांचं अधिवेशन भरत होतं त्याच दिवशी इकडे हा माणूस मुंबईत होता. २२ एप्रिलचं मंडळाचं पत्र : भाषणातला वेद आणि धर्मग्रंथांवरचा भाग गाळावा, धर्मांतराचा उल्लेख नको. २७ एप्रिलचं उत्तर : एक स्वल्पविरामही बदलणार नाही. मंडळानं माघार घेतली. १५ मे १९३६ या तारखेची प्रस्तावना घालून आंबेडकरांनी ते न झालेलं भाषण स्वतःच प्रसिद्ध केलं.

पहिली आवृत्ती १५०० प्रतींची, किंमत आठ आणे, दोन महिन्यांत संपली. गांधीजींनी जुलैमध्ये आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात उत्तर लिहिलं. त्यात मतभेद आहेतच, पण कोणत्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही असंही ते म्हणतात, आणि आठ आणे जास्त होतात, दोन आणे किंवा फार तर चार आणे ठेवा असं सुचवतात. आठ आण्यांचा हा तपशील तक्त्यावर ठेवणारच. जूनमध्ये आलेल्या ‘गोदान’च्या शेवटी शेतकरी होरीची बायको धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे मरणाऱ्या होरीच्या हातावर ठेवते, घरात दुसरं काही नाही म्हणते. पुस्तकाची किंमत ज्या वाचकाच्या खिशाकडे बघून कमी करायला सुचवली जात होती, तो खिसा केवढा होता ते त्यावरून कळतं.

२३ फेब्रुवारी

नागपूर थोडक्यात उरकलं. परिषदेच्या कारभाराची भाषा कोणती म्हणायची यावर तिथे फूट पडली. ‘हिंदी-हिंदुस्थानी’ हा शब्दप्रयोग उर्दूचे अभ्यासक मौलवी अब्दुल हक यांना मान्य झाला नाही आणि उर्दूचा मोठा गट कायमचा दुरावला. प्रेमचंद तिथेही होते. दोन्ही लिप्यांत लिहिणाऱ्या त्या माणसाला हे बघताना काय वाटलं असेल! याच्या तपशिलात शिरलं तर वेगळं प्रदर्शन होईल.

२४ फेब्रुवारी

आज लक्ष्मीबाई टिळकांची पुण्यतिथी. त्या २४ फेब्रुवारी १९३६ ला गेल्या. फेब्रुवारीचा तक्ता आजच लिहिला.

लग्नानंतर नवऱ्याकडून, कवी ना. वा. टिळकांकडून, अक्षरं शिकलेली ही बाई, त्याच्या ख्रिस्ती होण्यानं उद्ध्वस्त झालेली, पुढे स्वतःच्या विचारानं त्याच वाटेला आलेली, टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणारी. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं आली आणि शेवटचं टोक त्यांच्या मुलानं बांधलं. त्या गद्याबद्दल मला नेहमी एकच वाटतं : मराठीत इतकं सरळ, इतकं हसतं आणि इतकं निर्भय कुणी क्वचितच लिहिलंय. अपमान सांगताना त्या कुठेही दया मागत नाहीत. लखनौमध्ये सौंदर्याच्या नव्या कसोटीची मागणी झाली तेव्हा मराठीत तिचं उदाहरण लिहून ठेवून एक बाई सहा आठवड्यांपूर्वी गेल्या होत्या. अखिल भारतीय चर्चेत हे कुणी म्हणत नाही. आपण म्हणू.

३ मार्च

मराठीची बाकी सामग्री. जळगावचं साहित्य संमेलन, अध्यक्ष माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक, फारसी-मराठी कोशाचे कर्ते, गझल मराठीत रुजवणारे, आणि पुढे भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते. एकाच माणसात हे सगळं. नागपूरच्या वादाशेजारी त्यांना ठेवलं की भाषेवरची ती ओढाताण केवळ उत्तरेची नव्हती हे दिसतं.

अत्र्यांची ‘लग्नाची बेडी’ आणि ‘उद्याचा संसार’ ही दोन्ही नाटकं याच वर्षीची. एकानं प्रेक्षकांना हसवलं, दुसऱ्यानं लग्नसंस्थेतली घुसमट समोर ठेवली.

३१ मेला मुंबईत नायगावला महार परिषदेत आंबेडकरांनी केलेलं ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण मराठीत आहे. तक्त्यासाठी एकच वाक्य : धर्म माणसासाठी आहे, माणूस धर्मासाठी नाही. याला मराठी गद्याच्या संग्रहात जागा नसणं मला पटत नाही, आणि हे मी पुस्तिकेत सौम्य न करता लिहिलं आहे.

डिसेंबरला प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’, १२ तारखेला प्रदर्शित. चित्रपट कशाला असं एकानं विचारलं. वाचता न येणाऱ्यांपर्यंत तुकारामाचे अभंग त्या वर्षी कशानं पोहोचले, याचं ते उत्तर आहे. राहू दे.

१२ मार्च

टागोरांचा तक्ता मार्चमध्ये. ‘चित्रांगदा’ हे नृत्यनाट्य कोलकात्यात पहिल्यांदा झालं आणि पंचाहत्तरीला टेकलेले कवी विश्वभारतीसाठी पैसे उभे करायला मंडळी घेऊन उत्तर हिंदुस्थानात फिरले. दिल्लीत गांधीजींनी साठ हजार रुपयांची सोय करून दिली आणि या वयात ही वणवण थांबवा असं सांगितलं. नोबेल मिळून तेवीस वर्षं झाल्यावरही संस्था चालवायला कवीला रंगमंच घेऊन फिरावं लागलं.

१७ मार्च

जून ते ऑक्टोबर म्हणजे प्रेमचंदांचे शेवटचे महिने. लिहायला सर्वांत कठीण भाग.

जूनमध्ये ‘गोदान’ आलं आणि त्याच जूनमध्ये त्यांनी अंथरूण धरलं. १८ जूनला मॉस्कोजवळ रशियन लेखक गॉर्की वारले. बनारसला ‘आज’ या दैनिकाच्या कचेरीत शोकसभा ठरली. प्रेमचंदांच्या पत्नी शिवरानी देवींनी ‘प्रेमचंद घर में’मध्ये सांगितलंय की आजारातही त्यांनी रात्री उठून भाषण लिहिलं, सभेला गेले, पण उभं राहण्याची ताकद नव्हती, भाषण दुसऱ्यानं वाचून दाखवलं. त्याच उन्हाळ्यात सरकारनं ‘हंस’कडे एक हजार रुपयांचा जामीन मागितला. तोवर मासिक भारतीय साहित्य परिषदेकडे गेलेलं होतं, आणि परिषदेनं जामीन भरण्यापेक्षा ते बंद करायचं ठरवलं. प्रेमचंदांनी आजारी असतानाच ते परत घेतलं, जामीन भरला. सप्टेंबरमध्ये त्यांचा ‘महाजनी सभ्यता’ हा लेख आला : पैसा हाच देव मानणाऱ्या व्यवस्थेवरचा, संतापानं भरलेला. ‘मंगलसूत्र’ ही कादंबरी अपुरीच राहिली. ८ ऑक्टोबरला ते गेले, वय ५६.

ऑक्टोबरच्या तक्त्यावर त्याच महिन्यातली निरालांची ‘राम की शक्तिपूजा’ आहे. हरत चाललेला, रडणारा राम. अन्याय जिकडे आहे तिकडेच शक्ती आहे असं म्हणणारा. आदल्या वर्षी ‘सरोज-स्मृति’मध्ये निरालांनी मुलीचा मृत्यू लिहिला होता. हे दोन मजकूर एकाखाली एक लावले आहेत, त्यांच्यामध्ये माझं एकही वाक्य घातलेलं नाही.

२४ मार्च

नोव्हेंबरच्या अर्ध्या तक्त्यावर अहमदाबादची गुजराती साहित्य परिषद, अध्यक्ष गांधीजी. एकाच वर्षात दोन साहित्य परिषदांचं अध्यक्षपद एका राजकीय नेत्याकडे! साहित्यिकांना तेव्हा नेत्यांची गरज होती की नेत्यांना साहित्यिकांची, यावर पुस्तिकेत एक छोटं टिपण हवं. मल्याळी सहकारी लिहितो म्हणाला.

३० मार्च

तक्ते छपाईला गेले. पट्टीवरची नावं शेवटची एकदा ताडून पाहिली.

उद्घाटनाला पाहुण्यांची भाषणं नकोत असं सर्वांचं मत पडलं. त्याऐवजी १९३६ मधली ती दोन भाषणं मराठीतून वाचायची. प्रेमचंदांचं पूर्ण वाचता येईल. आंबेडकरांच्या भाषणाचे सव्वीस भाग आहेत, एका संध्याकाळी अशक्य. श्रमिकांच्या विभागणीचा चौथा, स्वातंत्र्य-समता-बंधुतेवर उभ्या समाजाचा चौदावा आणि शेवटचा असे तीन घेतले. आधी कुणाचं, यावर चर्चा झाली. हिंदीच्या बाई प्रेमचंद वाचणार आहेत, आणि आंबेडकरांचं आधी व्हावं असं त्यांनीच सुचवलं. वाचणाऱ्या मुलीला मजकूर आज दिला. चौदाव्या भागातली लांब वाक्यं कुठे तोडायची यावर उद्या तिच्याबरोबर बसायचं आहे.